आपल्या जाण्यायेण्याचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, कधी विज्ञानही ऐकता. आज चालकांनी एका युनियनच्या कार्यकर्त्याला येथे उभे केले आहे आणि त्याने विषय निवडला आहे तो रोजच्या पायाखालच्या रस्त्याचा. माझे शाळेतले शिक्षण थोडे झाले; पुढचे सारे वाचनालयातून आणि कामगारांच्या सहवासातून झाले. त्यामुळे विद्वत्तेची अपेक्षा माझ्याकडून करू नये. मात्र हिशेबाची सवय मला आहे. मस्टरवर हजेरी किती लागली, जादा तास किती झाले, पगारातून काय कापले गेले, हे मोजल्यावाचून आमच्या धंद्यात कोणतीही मागणी टेबलावर टिकत नाही. नुसत्या तक्रारीला साहेब ‘बघू’ म्हणतो. आकडा पुढे ठेवला की त्याला कागद हातात घ्यावा लागतो.

तोच हिशेब आज मला रस्त्याला लावावयाचा आहे. आपण बीडकर रोज कोठून कोठे जातो, कशाने जातो, कोणत्या वेळी जातो, आणि त्यात जिवाला धोका कोठे असतो? अपघातात माणूस गेला की आपण त्याला मोजतो. तो जिवंत असताना रोज कोणत्या रस्त्याने, किती वाजता, कशावर बसून जात होता, हे मात्र कोणीच मोजलेले नसते. माझे आजचे सारे म्हणणे एवढ्या एका गोष्टीभोवती आहे.

प्रथम आपल्या जिल्ह्याच्या प्रवासाकडे पाहू. बीड निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याने १९३२ साली रेल्वे खात्यामार्फत सरकारी मोटारसेवा सुरू केली. आरंभी सत्तावीस गाड्या आणि एकशे सहासष्ट नोकर एवढाच तिचा संसार होता. तिकडे पुणे आणि नगर यांच्यामध्ये पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी धावली. पुढे मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि लाल गाडी आपल्या गावोगावच्या फाट्यावर थांबू लागली. रेल्वेच्या बाबतीत मात्र परळीचा अपवाद सोडला तर जिल्ह्याने नुसती वाटच पाहिली. नगर–बीड–परळी मार्गाला मंजुरी १९९५ च्या सुमारास मिळाली. आष्टीपर्यंत गाडी आली २०२२ साली, आणि खुद्द बीड शहरात प्रवाशांची गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्रामदिनी. म्हणजे तीन पिढ्यांनी जे काही जाणेयेणे केले ते सडकेनेच केले. ज्याला दुसरा मार्गच नाही त्याच्या सडकेच्या सवयींना सवय तरी का म्हणावे? ती त्याची गरज असते.

एक उदाहरण देतो. मुंबईत सकाळी अकराची बैठक असली तर बीडच्या माणसाने काय करावे? आदल्या रात्री निघावे, रात्रभर सडकेवर असावे आणि पहाटे घाट उतरावा. वकील, व्यापारी, रुग्णाचे नातेवाईक, मंत्रालयात खेटे घालणारे कार्यकर्ते, सगळ्यांचा हाच परिपाठ. आपले विनायकराव मेटे रात्री बीडहून निघाले होते ते मुंबईच्या बैठकीसाठीच. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर त्यांना मृत्यूने गाठले. त्याआधी ३ जून २०१४ रोजी गोपीनाथराव मुंडे यांना आपण दिल्लीच्या रस्त्यावर गमावले. मंत्रिपद हाती येऊन आठ दिवसही झाले नव्हते. दोष कोणाचा, हे मी येथे ठरवत नाही. ते काम न्यायालयांचे. पण एका जिल्ह्याने दोन मोठी माणसे मोटारीत गमवावी आणि तरीही मागच्या आसनावर बसलेल्या माणसाने पट्टा लावणे म्हणजे भित्रेपणा समजावा, याला काय म्हणावे? मुंडेसाहेबांच्या निधनानंतर मागच्या आसनावरील पट्ट्याची चर्चा देशभर झाली. आज ही सभा सुटल्यावर गाडीत मागे बसणाऱ्या किती जणांचा हात पट्ट्याकडे जाईल, ते आपले आपणच पाहावे.

आता मोजण्याकडे येतो. शहरातील माणसांचे जाणेयेणे मोजण्याचे शास्त्र आपल्या राज्याला नवे नाही. मुंबईत १९६२ साली विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेने वाहतुकीची मोठी पाहणी केली. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई महानगर प्रदेशात घरोघर जाऊन पुन्हा विचारणा झाली, तेव्हा असे दिसले की दिवसभरातील निम्म्याहून अधिक फेऱ्या लोक पायीच करतात. मुंबई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लोकल आणि मोटारी येतात. प्रत्यक्षात ते शहर चालणाऱ्यांचे आहे. हे मोजल्यामुळे कळले. न मोजता ज्यांनी शहर पाहिले त्यांनी उड्डाणपूल बांधले आणि पदपथ विसरले.

आणि आपले काय? २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे अंतर आणि साधन यांविषयी प्रश्न होता. प्रश्न चांगला होता. पण तो विचारला गेला फक्त ‘इतर कामगार’ या वर्गाला. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात राबणारे यांना तो विचारलाच नाही. ज्या जिल्ह्यात राबणाऱ्यांपैकी बहुसंख्य माणसे शेतीवर आहेत, त्या जिल्ह्याच्या प्रवासाचे चित्र या तक्त्यात कसे उमटावे? देशभरात त्या एका वर्गातीलच चार कोटींहून अधिक माणसे कामावर पायी जातात असे त्या गणनेने सांगितले. त्यात खुरपे घेऊन बांधावरून जाणारी आपली बाई नाही, आणि कोयता घेऊन परमुलखात जाणारे जोडपेही नाही.

या कोयत्याविषयी मला थोडे अधिक बोलले पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून माणसे लाखांनी निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरलेला असतो. खाली सरपण, पत्रे, धान्याची पोती आणि हंडे. वर माणसे, मांडीवर तान्ही मुले. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, कर्नाटक इथवरची ही वाट. पाडव्याच्या आगेमागे त्याच मार्गाने परतणे. या व्याख्यानमालेचे दिवस म्हणजे टोळ्या परत येण्याचेच दिवस आहेत. बीड, गेवराई, केज, धारूर, पाटोदा, शिरूर येथल्या घरांची कुलुपे आत्ता कोठे उघडत आहेत. वर्षातला सर्वांत लांबचा आणि सर्वांत धोक्याचा प्रवास करणारा हा वर्ग, आणि त्याची एकही ओळ कोणत्या प्रवासवहीत नाही.

धोका कोणता, तेही सांगतो. ट्रॉली मालासाठी केलेली. तिला ना बसण्याची सोय, ना धरण्याची. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून, वर मापाबाहेर ऊस भरून रात्री सडकेवर आणतात. मागे लाल दिवा आणि परावर्तक असावेत हा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. प्रत्यक्षात दिवा फुटलेला, परावर्तकावर चिखल, आणि ट्रॉली नादुरुस्त झाली तर रस्त्याच्या मधोमध चार दगड ठेवून ड्रायव्हर मिस्त्री शोधायला गेलेला. ताशी साठ किलोमीटरने येणारा मोटारसायकलवाला एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे येतो. त्याला ती काळी ट्रॉली दिसून डोक्याने हाताला हुकूम देईपर्यंत निम्मे अंतर संपलेले असते. वेग दुप्पट झाला की आघात दुप्पट होत नाही, चौपट होतो. हे गणित पदार्थविज्ञानाचे आहे, त्यात वशिला चालत नाही.

आणि अपघात झाल्यावर? मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर पडत नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस एका निकालात लावला. तेव्हापासून कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो: हा माणूस गाडीत मजूर म्हणून होता की प्रवासी म्हणून? गाडी एकाची, ठेका दुसऱ्याचा, उचल तिसऱ्याची आणि ऊस चौथ्याचा. अशी प्रकरणे मी जवळून पाहिली आहेत. नवरा गेलेली बाई दाव्याच्या तारखांना येते, आणि तिच्या नवऱ्याला कामावर नेणारा नेमका कोण, एवढे एक वाक्य कागदावर सिद्ध करता करता वर्षे जातात. टोळी निघताना गाडीचा नंबर, माणसांची नावे आणि मुक्कामाचे ठिकाण एका वहीत लिहिले असते आणि त्यावर मुकादमाची सही असती, तर तिची निम्मी लढाई त्या दिवशीच जिंकली गेली असती. जाण्यायेण्याची नोंद असा अर्थ धारण करते, बंधुभगिनींनो. कित्येक घरांची भाकरी त्या नोंदीवर अवलंबून असते.

आता अपघातांच्या आकड्यांकडे वळू. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, महाराष्ट्रात १५,२२४. देशातील मृतांत दुचाकीवरची माणसे शेकडा चव्वेचाळीसहून अधिक, आणि पायी चालणारी जवळजवळ शेकडा वीस. म्हणजे दर पाच मृतांमागे तिघे असे की ज्यांच्याभोवती पत्र्याचा आडोसासुद्धा नव्हता. रस्त्यांची उद्घाटने मोटारवाल्यांच्या हातून होतात आणि रस्त्यांवर मरतात ते हे लोक.

सरकारी तक्त्यात मृत्यूंची कारणेही दिलेली असतात. अतिवेग, दारू, उलट्या बाजूने गाडी चालवणे, लाल दिवा तोडणे, मोबाईल, आणि इतर. त्या वर्षी शेकडा एकाहत्तर मृत्यू अतिवेगाच्या नावावर लिहिले गेले. हे रकाने लक्ष देऊन पाहा. प्रत्येकात ड्रायव्हरने काय केले ते आहे. ड्रायव्हरकडून काय करून घेतले गेले ते एकातही नाही. तो किती तास जागा होता? गाडी वेळेवर पोचली नाही तर त्याचे भाडे कापले जाणार होते काय? वळणावर फलक होता काय? रस्त्याची कड खचली होती काय? हे सारे ‘इतर’मध्ये, नाहीतर कोठेच नाही.

कोणी म्हणेल, युनियनवाला ड्रायव्हरची कड घेणारच. दारू पिऊन चाकावर बसणाऱ्याची कड मी घेत नाही. त्याचा परवाना गेलाच पाहिजे. पण १९६१ साली आपल्या संसदेने मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा केला तो उगाच नव्हे. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, मध्ये विश्रांती, असे त्यात लिहिले होते. तो कायदा पाच किंवा अधिक कामगारांच्या धंद्याला लागू होता. एका ट्रकचा मालक आणि त्याचा एक ड्रायव्हर आपोआप त्याबाहेर राहिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. आठ तासांचे तत्त्व संहितेतही आहे. पण रात्री मांजरसुंब्याच्या धाब्यावर उभ्या असलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला विचारा, चाकावर बसून किती तास झाले? तो हसेल. जानेवारी २०२४ मध्ये, अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि सगळ्यांना त्यांची आठवण झाली. त्यांचे म्हणणे सगळे बरोबर होते असे मी म्हणत नाही. पळून जाणे हे जखमीला दुसऱ्यांदा मारणेच आहे. पण शिक्षेची वर्षे वाढवण्याचा जेवढा उत्साह दिसतो, तेवढा झोपेचे तास मोजण्याचा दिसत नाही, एवढेच माझे म्हणणे.

आकड्यांत आणखी एक फसगत असते. समजा, एका नाक्यावर वर्षात दहा अपघात झाले आणि दुसऱ्यावर सहा. वर्तमानपत्र लिहील, पहिला नाका धोक्याचा. पण पहिल्यावरून रोज वीस हजार वाहने जात असतील आणि दुसऱ्यावरून तीन हजार, तर? पहिल्यावर दोन हजार वाहनांमागे एक अपघात, दुसऱ्यावर पाचशेंमागे एक. खरा धोक्याचा नाका दुसरा, तोही चौपट. खाली किती माणसे जातात हा आकडा नसला की वरचा अपघाताचा आकडा अर्धवट बोलतो.

सरकारची व्याख्याही पाहण्यासारखी आहे. रस्त्याच्या सुमारे पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, तर तो टप्पा अपघातप्रवण ठरतो, असे केंद्रीय मंत्रालयाने २०१५ साली ठरवले. मोजमाप असले हे चांगलेच. पण याचा अर्थ असा की आधी माणसांनी मरावे आणि मग रस्त्याने सुधारावे. ज्या शाळेसमोर मुले रोज जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात आणि रोज थोडक्यात वाचतात, ती शाळा या व्याख्येत कधी येणार?

हॉलंडचे लोक हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी विचारून चुकले. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे तेहतीसशे माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबापांनी चळवळ उभारली. तिचे नावच होते ‘मुलांच्या हत्या थांबवा’. लोक रस्त्यावर बसले, गल्ल्या मोटारींना बंद केल्या, मुलांना रस्त्यात खेळू दिले. तेव्हा सरकारने सायकलीला वेगळी वाट आणि वस्तीतल्या मोटारीला वेसण दिली. आज सायकल म्हटली की हॉलंडचे नाव येते. ती काही त्या मातीची उपजत देणगी नव्हती. माणसांनी मोर्चे काढून ती मिळवली. पुढे स्वीडनच्या संसदेने १९९७ साली ठरवले की माणसाच्या हातून चूक होणारच. त्या चुकीची शिक्षा मृत्यू होणार नाही असा रस्ता बांधणे हे बांधणाऱ्याचे कर्तव्य आहे. कारखान्यातल्या यंत्राला कठडा बसवा म्हणून आम्ही भांडतो, ते याच न्यायाने. कामगाराचा हात घसरेल हे गृहीत धरून यंत्र बांधावे लागते.

मग बीडमध्ये काय करावे? मोठा खर्च मी सांगत नाही. प्रत्येक नाक्यावर दोन विद्यार्थी, एक वही, एक घड्याळ. छत्रपती शिवाजी महाराज चौक, बार्शी नाका, नगर नाका, आणि गावातले जुने रस्ते जेथे बाह्यवळणाच्या महामार्गाला मिळतात ती ठिकाणे. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात. वहीला रकाने: पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा, जीप, मोटार, एस. टी., ट्रक, ट्रॅक्टर. पायी चालणाऱ्याचा रकाना पहिला ठेवावा, कारण तोच नेहमी विसरला जातो. एक मोजणी बाजाराच्या दिवशी, एक साध्या दिवशी. एक हंगामात, एक हंगामाबाहेर. शेवटी आणखी एक रकाना असावा: ‘थोडक्यात वाचले’. कोण, कोठे, कशामुळे. हा रकाना भरला की मृत्यूची वाट पाहावी लागणार नाही.

दुसरे, एस. टी.च्या वाहकाकडे पाहा. कोणत्या फाट्यावरून कोणत्या वेळी किती माणसे चढली, हे त्याच्या तिकिटयंत्रात रोज उतरते. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला, १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले. ज्या बाया जीपच्या पायरीवर लोंबकळत असत त्या किती प्रमाणात गाडीत आल्या, हे त्या यंत्राला ठाऊक आहे. तो हिशेब गावकऱ्यांनी आगारात जाऊन मागावा. जेथे गाडीची वेळ चुकते तेथेच वडापची जीप भरते, आणि भरलेली जीप हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. एस. टी.ची एक फेरी वाढवणे हे कित्येक फलक लावण्यापेक्षा मोठे काम ठरेल.

तिसरे, येत्या हंगामापूर्वी प्रत्येक गावात टोळीची वही निघावी. ग्रामपंचायतीने ती ठेवावी: नाव, गाडीचा नंबर, ड्रायव्हर, मुकादम, कारखाना, निघण्याचा दिवस. माणसांची गाडी वेगळी आणि सामानाची वेगळी, आणि माणसांची गाडी दिवसाउजेडीच निघेल, अशी अट करारात घालावी. ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्टी नसेल तर काट्यावर वजन होणार नाही, एवढा एक नियम कारखान्यांनी पाळला तरी पुष्कळ काम होईल. कारखान्याचा काटा सगळ्यांना ऐकावा लागतो.

आणि अपघात झालाच, तर पाहत उभे राहू नका. जखमीला उचलणाऱ्याच्या मागे पोलिसांचा ससेमिरा लागतो ही भीती जुनी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे; नाव सांगण्याचीही सक्ती नाही. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. २०२५ साली केंद्राने अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडविरहित उपचारांची योजना लागू केली. रुग्णालयाच्या दारात हे सांगणारा एक तरी माणूस जखमीबरोबर असला पाहिजे.

येथे बसलेल्या शिक्षकांना, व्यापाऱ्यांना, महाविद्यालयातील मुलांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या सोमवारी सकाळी आठ वाजता बार्शी नाक्यावर पहिली वही उघडायची आहे. युनियनची चार मंडळी येतील. वह्या आणि पेन्सिली आम्ही आणू. ज्यांना दोन तास देता येतील त्यांनी आपली नावे आजच चिटणिसांकडे द्यावीत. जमलेली बेरीज आपण नगरपरिषदेपुढे, जिल्हाधिकाऱ्यांपुढे आणि आगारप्रमुखांपुढे ठेवू, आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांच्या दारातून उठणार नाही. ते उठवून घेण्याचे काम त्यांना जड जाईल, एवढे मी अनुभवाने सांगतो.